अंगण खरंच वाकडं असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण ज्याला ऐकवली जाते, त्याचं बोलणं तिथंच संपतं. तो पुढे काहीही म्हणाला तरी ती सबबच ठरते. गंमत अशी की, या म्हणीतलं अंगण कुणी जाऊन बघत नाही. ते खरंच वाकडं असेल, अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. माइक ऑलिव्हर नावाच्या एका ब्रिटिश प्राध्यापकानं आयुष्यभर ते अंगण बघण्याचाच उद्योग केला. सगळे नाचणाऱ्याच्या पायांकडे बघत होते, तेव्हा हा माणूस टेप घेऊन अंगण मोजत बसला होता.

त्या मोजणीतून पुढं आलेल्या, अपंगत्वाची अडचण माणसात नव्हे तर समाजाच्या रचनेत शोधणाऱ्या विचाराला ‘सोशल मॉडेल’ म्हणतात. मराठीत ‘सामाजिक प्रतिमान’ असा शब्द आहे, पण तो बोलताना जीभ अडखळते, म्हणून सोशल मॉडेलच म्हणू. भारताच्या आजच्या कायद्यातली अपंगत्वाची व्याख्या याच विचाराच्या कुळातली आहे. तरी तो समजावून सांगताना बऱ्याचदा घोळ होतो. कुणी त्याचं ‘अपंगांशी प्रेमानं वागा’ करून टाकतं, तर कुणी ‘अपंगत्व हे मनाचे खेळ आहेत’ इथवर नेऊन ठेवतं. दोन्ही चूक.

आधी माझ्या आत्याची लिफ्ट सांगतो. आत्याला लहानपणी पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी घेऊन तिनं नोकरी केली, संसार केला. साठीनंतर खांदे बोलायला लागले आणि ती व्हीलचेअरवर आली. तिच्या सोसायटीला लिफ्ट आहे. पण रस्त्यावरून आत आलात की आधी पाच पायऱ्या, मग लिफ्ट. अशा इमारती पुण्या-मुंबईत पैशाला पासरी आहेत. त्या पाच पायऱ्यांमुळे आत्या चौथ्या मजल्यावर अडकली. नातेवाइकांत मात्र वाक्य एकच: ‘पायांमुळे तिला आता बाहेर पडता येत नाही.’ पायांमुळे! पाय तर साठ वर्षं तसेच होते. पायऱ्यांचं नाव त्या वाक्यात कुणी घेत नाही.

ऑलिव्हरनी नेमकं हे वाक्य पकडलं.

१९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारनं देशभरातल्या अपंग लोकांची मोठी पाहणी केली. प्रगणक घरी यायचा, समोर बसायचा, प्रश्न विचारायचा. ‘तुम्हाला काय झालंय?’ ‘वस्तू धरायला, पकडायला, फिरवायला कोणत्या तक्रारीमुळे त्रास होतो?’ ‘लोकांचं बोलणं समजायला अडचण येते, ती मुख्यतः ऐकू न येण्यामुळे का?’ ‘दीर्घकाळच्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे तुम्ही विशेष शाळेत गेलात का?’ सगळे साधे, सभ्य प्रश्न. आपल्यालाही त्यात काही खटकणार नाही.

ऑलिव्हरनी १९९०च्या आपल्या पुस्तकात हे प्रश्न एकेक करून उलटे शिवले. तुम्हाला काय झालंय, हे विचारू नका. समाजाला काय झालंय, ते विचारा. बरण्या, बाटल्या, डबे अशा रोजच्या वस्तूंच्या रचनेत काय खोट आहे, म्हणून तुम्हाला त्या धरायला आणि उघडायला त्रास होतो? लोकांचं बोलणं समजत नाही, ते त्यांना तुमच्याशी बोलता येत नाही म्हणून का? आणि विशेष शाळेत ‘गेलात का’ नव्हे. तुमच्यासारख्या मुलांना अशा शाळांत धाडायचं शिक्षण खात्याचं धोरण होतं, म्हणून तुम्हाला तिथं ‘धाडलं गेलं का’?

पहिल्यांदा वाचताना हा शब्दांचा खेळ वाटतो. मलाही वाटला होता. पण ऑलिव्हरचा मुद्दा पुढचा होता. प्रगणक सरकारी माणूस, प्रश्न छापील, आणि समोरचा एकटा. तासाभरात त्याला दहा-पंधरा वेळा विचारलं जातं की, तुझ्या शरीरातल्या कोणत्या दोषामुळे तुला हे जमत नाही? प्रगणक उठून जाईपर्यंत त्या माणसाची खात्री पटलेली असते की, सगळ्या अडचणींचं मूळ आपणच. म्हणजे पाहणीतून माहिती तर गोळा झालीच, शिवाय एक समजूत घरोघरी वाटून झाली. बरणीच्या झाकणाला कुणी काही विचारलंच नाही.

असा विचार करणारा माणूस ग्रंथालयात बसून घडलेला नव्हता. ऑलिव्हरचा जन्म १९४५ सालचा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या चॅटमचा. घर कामगारवर्गातलं. १९६२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सुट्टीवर गेलेला असताना त्यानं पोहण्याच्या तलावात सूर मारला आणि मान मोडली. तिथून पुढं आयुष्यभर व्हीलचेअर. उपचार स्टोक मँडविल इथं झाले. मणक्याच्या दुखापतींवरचं हे त्या काळातलं सगळ्यात नावाजलेलं रुग्णालय. लुडविग गुटमन या डॉक्टरांनी तिथं रुग्णांसाठी सुरू केलेल्या खेळांतूनच पुढं पॅरालिम्पिक उभं राहिलं. म्हणजे वैद्यकीय बाजूनं त्या मुलाला उत्तमातलं उत्तम मिळालं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढं ऑलिव्हर डॉक्टरांच्या विरोधात बोलतात असा समज झाला. उपचारांशी त्यांचं भांडण नव्हतंच. रुग्णालयाच्या दाराबाहेर पडल्यावर जे सुरू होतं, त्याच्याशी होतं.

बाहेर पडल्यावर घर. मग गावाजवळच्या बोर्स्टलमध्ये, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या तरुण मुलांच्या सुधारगृहात, शिकवण्याचं काम. विद्यापीठात जायचं ठरवलं, तर पहिल्या ठिकाणी राहण्याची आणि मदतनिसाची नीट सोय होईना, म्हणून थोड्याच दिवसांत परत यावं लागलं. पुढं केंट विद्यापीठात समाजशास्त्र शिकून तिथंच पीएच.डी. केली, विषय होता फेफरं आणि गुन्हेगारी यांचा लोकांनी लावलेला संबंध. हा विषय सुधारगृहातल्या दिवसांशी किती जवळचा आहे, ते सांगायला नको. नंतर समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवणं, आणि अखेर लंडनच्या ग्रिनिच विद्यापीठात अपंगत्व अभ्यासाचे प्राध्यापक. असं पद मिळालेले ते ब्रिटनमधले पहिले.

पण सोशल मॉडेलचा उगम विद्यापीठातला नाही, आणि ऑलिव्हर ते स्वतः वारंवार सांगत. उगम एका वाचकपत्रातला.

पॉल हंट नावाचा एक तरुण. स्नायूंचा आजार, म्हणून हॅम्पशायरमधल्या एका निवासी संस्थेत राहणारा. अशा संस्थांत खाणंपिणं, औषधपाणी सगळं मिळायचं. पण झोपायचं कधी, उठायचं कधी, हे दुसरंच कुणीतरी ठरवायचं. रहिवाशांनी भांडून काही गोष्टी मिळवल्या. मग त्यांनीच अभ्यासकांना बोलावलं की, या आणि इथलं आयुष्य बघा. अभ्यासक आले, राहिले, आणि निष्कर्ष असा काढला की ही माणसं समाजाच्या दृष्टीनं मेल्यात जमा आहेत, तेव्हा संस्थांनी हे मेल्यागत जगणं निदान सुसह्य कसं करावं ते बघावं. ज्यांनी घरात घेतलं, त्यांच्याच नावानं आंघोळ! हंटच्या मनात हा सल शेवटपर्यंत राहिला.

सप्टेंबर १९७२ मध्ये हंटनं ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राला पत्र लिहिलं: आपण अपंग लोकांनीच आपली संघटना काढू. त्यातून एक छोटी संघटना उभी राहिली. तिचं नाव लांबलचक होतं. आद्याक्षरं जोडून तिला ‘यूपायस’ म्हणत. नावातच म्हटलं होतं: शारीरिक उणीव असलेल्यांची, वेगळं पाडण्याविरुद्धची संघटना. तिचा दुसरा खांब म्हणजे व्हिक फिंकेलस्टाइन. दक्षिण आफ्रिकेतला. वर्णद्वेषी राजवटीच्या विरोधात काम केलं म्हणून तुरुंगात गेलेला, आणि नंतर ब्रिटनमध्ये निर्वासित म्हणून आलेला. स्वतः व्हीलचेअरवर. वेगळ्या वस्त्या, वेगळ्या शाळा, वेगळ्या बसगाड्या हे सगळं त्यानं पाहिलेलं होतं. ब्रिटनमधल्या अपंगांच्या वेगळ्या शाळा, वेगळे कारखाने, वेगळी घरं त्याला ओळखीची वाटली नसती तरच नवल.

१९७६ मध्ये यूपायसनं एक पुस्तिका काढली. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि सगळं सोशल मॉडेल या एका फटीतून बाहेर पडलं आहे. पहिली गोष्ट शरीराची स्थिती: हात नाही, पाय चालत नाही, कान ऐकत नाहीत. तिला आपण उणीव म्हणू (हा शब्दही फार चांगला नाही, पण ‘व्यंग’पेक्षा बरा). दुसरी गोष्ट अपंगत्व: त्या उणिवेच्या माणसाला समाज ज्या रीतीनं बाजूला टाकतो, ती. उणीव शरीरात असते. अपंगत्व तिच्यावर वरून लादलं जातं.

इथं मराठीत एक अडचण येते. आपल्याकडे अपंगत्व ‘येतं’. ताप येतो, म्हातारपण येतं, तसं अपंगत्व येतं. कोण आणतं, हा प्रश्न त्या क्रियापदात उरतच नाही. इंग्रजीत ‘डिसेबल’ हे करण्याचं क्रियापद आहे, त्याला कर्ता लागतो. म्हणून ऑलिव्हर ‘डिसेबल्ड पीपल’ म्हणत. ‘पीपल विथ डिसॅबिलिटीज’ हा आज जास्त सभ्य समजला जाणारा शब्दप्रयोग त्यांना पटत नसे, कारण त्यात अपंगत्व म्हणजे माणसानं काखोटीला मारून आणलेलं गाठोडं वाटतं. मराठीत हे सांगायचं तर ‘अपंग केलेली माणसं’ म्हणावं लागेल. कानाला विचित्र लागतं. पण आत्याच्या बाबतीत ते तंतोतंत खरं आहे: साठ वर्षं तिला उणीव होती, चौथ्या मजल्यावर ती अपंग केली गेली.

फिंकेलस्टाइननं हे समजावायला एक गाव रचलं होतं. कल्पनेतलं. हजारभर व्हीलचेअरवाले लोक एका गावात राहायला जातात. दुकानदार तेच, शिक्षक तेच, बांधकाम करणारेही तेच. बसूनच वावरायचं, तर उंच छतं आणि उंच दारं कशाला? सगळं खाली आणतात. सुरळीत चाललेलं असतं. मग काही चालणारी माणसं तिथं राहायला येतात. दाराच्या चौकटी त्यांच्या कपाळावर बसतात. टेंगळं येतात, कमरा वाकून दुखायला लागतात. गावचे डॉक्टर त्यांना तपासतात आणि निदान करतात: उंचीचा दोष. त्यांच्यासाठी खास हेल्मेटं बनतात, कंबर वाकवून ठेवणारे पट्टे बनतात. नोकरीला गेले तर तपासणीत नापास. शेवटी त्यांच्यासाठी धर्मादाय संस्था निघतात, आणि दुकानादुकानांत उलटी हेल्मेटं ठेवली जातात, सुटे पैसे टाकायला. ते उलटं हेल्मेट मला फार आवडतं. आपल्या गल्ल्यांवरचे दानपेटीचे डबे आठवतात.

कल्पनेतलं नको, खरं सांगा, असं कुणी म्हणेल. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथं आनुवंशिक कारणानं पिढ्यान् पिढ्या बहिऱ्या मुलांचं प्रमाण मोठं होतं. चिलमार्क या गावात एकोणिसाव्या शतकात दर २५ माणसांमागे एक. परिणाम? गावात ऐकू येणाऱ्यांनाही खुणांची भाषा यायची. शेतात, दुकानात, मासेमारीच्या होड्यांवर. नोरा ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी नंतर तिथल्या म्हाताऱ्यांना जुन्या बहिऱ्या माणसांबद्दल विचारलं, तर त्यांना ती माणसं मच्छीमार म्हणून, शेतकरी म्हणून आठवत. बहिरी होती, हे विचारल्यावर लक्षात येई. कान तेच, उणीव तीच. अपंगत्व जवळजवळ नाहीच.

आता ऑलिव्हरनी नेमकं काय केलं? यूपायसची पुस्तिका चळवळीतल्या मोजक्या लोकांपुरती होती. ऑलिव्हर समाजकार्य शिकवत होते, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांना उद्या अपंग माणसांच्या घरी जायचं होतं. त्यांना एका तासात कळेल असं काहीतरी हवं होतं. म्हणून त्यांनी दोन बाजू फळ्यावर मांडल्या. एक व्यक्तिगत मॉडेल: अडचण माणसात आहे, म्हणून माणूस दुरुस्त करा, नाही झाला तर त्याला जुळवून घ्यायला शिकवा. दुसरं सोशल मॉडेल: अडचण रचनेत आहे, म्हणून रचना दुरुस्त करा. १९८३ च्या त्यांच्या समाजकार्यावरच्या पुस्तकात ही मांडणी छापून आली आणि नाव रूढ झालं. शिकवायची सोय म्हणून केलेली ही जोडी होती. पुढच्या तीस वर्षांत तिच्यावर इतके ग्रंथ लिहिले गेले की, ऑलिव्हर वैतागून म्हणत, अहो, ही हातोडी आहे. हातोडीचे गुणदोष चर्चत बसण्यापेक्षा ती वापरून बघा.

१९९०च्या पुस्तकात त्यांनी आणखी एक प्रश्न हाताळला: अंगण मुळात वाकडं झालं कधी? त्यांचं उत्तर, कारखान्यांबरोबर. शेतीच्या आणि घरगुती उद्योगाच्या काळात हळू काम करणारा, एका हातानं काम करणारा माणूसही काहीबाही करून घराला हातभार लावायचा. कारखान्यानं भोंगा आणला, ठराविक तास आणले, यंत्राचा वेग आणला. त्या वेगाला जे पुरे पडले नाहीत ते कामातून गेले, आणि कामातून गेलेल्यांना ठेवायला संस्था उभ्या राहिल्या. मग या सगळ्यांना मिळून एक नाव आणि एक दाखला देण्याचं काम डॉक्टरांकडे आलं. ही मांडणी उघडच मार्क्सकडून आलेली आहे आणि ती जरा ठोकळेबाज आहे, असं माझं मत. कारखाने येण्याआधीची खेडी काही अपंगांसाठी स्वर्ग नव्हती. भीक, हेटाळणी, टाकून दिलेली मुलं तिथंही होती. पण ‘काम करण्यालायक’ हा शिक्का घड्याळाबरोबर आला, एवढं त्यातून नक्की उचलावं.

प्राध्यापक झाल्यावरच्या पहिल्या व्याख्यानासाठी, १९९३ मध्ये, ऑलिव्हरनी विषय निवडला: ‘चालण्यात एवढं काय आहे?’ समोर प्रतिष्ठित मंडळी, व्यासपीठावर व्हीलचेअर, आणि हा प्रश्न. त्या काळी हंगेरीतल्या बुडापेस्टच्या एका संस्थेत सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलांना तासन् तास कसरत करून चालायला शिकवत. ब्रिटनमधले आईबाप घरं गहाण टाकून मुलांना तिकडं घेऊन जात होते. ऑलिव्हरचा आक्षेप असा की, चार पावलं कशीबशी टाकता यावीत म्हणून मुलाचं अख्खं बालपण व्यायामशाळेत का घालायचं? व्हीलचेअरवर ते दोन मिनिटांत मैदानावर पोचलं असतं. माणसाला उडता येत नाही; म्हणून कुणी त्याला उडायच्या शाळेत घालत नाही, विमानाचं तिकीट काढून देतो. न उडणाऱ्यांसाठी विमान, तशी न चालणाऱ्यांसाठी व्हीलचेअर. विमानतळांवर अब्जावधी खर्च होतात, तेव्हा त्याला कुणी ‘विशेष गरज’ म्हणत नाही.

हे ऐकून अनेक आईबाप दुखावले, आणि ते मी समजू शकतो. पण ऑलिव्हरचा राग आईबापांवर नव्हता. चालणं म्हणजेच माणूसपण, ही जी समजूत आहे, तिच्यावर होता. आपल्याकडे ‘स्वतःच्या पायावर उभं राहणं’ हा शब्दप्रयोग कमाई आणि स्वाभिमान दोन्हींसाठी वापरतात. त्यात पाय किती खोल रुतलेत बघा.

स्वावलंबनाचीही त्यांनी अशीच उलटतपासणी केली. पुनर्वसनवाल्यांच्या लेखी स्वावलंबी म्हणजे जो स्वतःच्या हातानं अंघोळ करतो, कपडे घालतो, चहा करतो. मग एक माणूस सकाळी कपडे घालण्यातच दोन तास घालवतो आणि दमून घरी बसतो. दुसरा मदतनिसाकडून पंधरा मिनिटांत तयार होतो आणि कामाला जातो. स्वावलंबी कोण? चळवळीचं म्हणणं होतं: दुसरा. स्वावलंबन म्हणजे सगळं एकट्यानं करणं नव्हे. काय, कधी आणि कुणाच्या हातून करून घ्यायचं, हे आपण ठरवणं. ब्रिटनमध्ये यातून पुढं एक ठोस गोष्ट झाली. १९९६ च्या कायद्यानं स्थानिक प्रशासनाला मुभा मिळाली की, ठरवून दिलेली सेवा पाठवण्याऐवजी पैसे थेट अपंग माणसाच्या हातात द्यावेत, आणि मदतनीस त्यानं स्वतः नेमावा.

या सगळ्या काळात रस्त्यावरही बरंच चाललं होतं. आयटीव्ही वाहिनीवर ‘टेलिथॉन’ व्हायचा: दिवसभर कार्यक्रम, अपंग मुलांच्या करुण कहाण्या, आणि देणग्या. १९९० मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये अपंग लोकांनीच स्टुडिओबाहेर निदर्शनं केली. त्यांच्या टी-शर्टांवरची घोषणा सभ्य मराठीत सांगायची तर ‘तुमच्या दयेवर थुंकतो’ (मूळ क्रियापद थुंकण्याच्याही खालचं होतं). १९९२ नंतर टेलिथॉन झाला नाही. कुणी बसला व्हीलचेअर साखळीनं बांधून घेतली, कारण त्या बसमध्ये त्यांना चढताच येत नव्हतं. १९९४ मध्ये अपंगांच्या नागरी हक्कांचं विधेयक संसदेत बोलून बोलून वेळ संपवून मारलं गेलं. त्या वेळी अपंगविषयक खात्याचे मंत्री निकोलस स्कॉट होते, आणि त्यांची मुलगी व्हिक्टोरिया अपंगांच्या बाजूनं काम करणाऱ्या संस्थेत होती. तिनं वडिलांचा राजीनामा मागितला. शेवटी १९९५ मध्ये भेदभावविरोधी कायदा आला. चळवळीला तो फारच पातळ वाटला, पण आला.

आता टीका. ती सोशल मॉडेलच्या शत्रूंकडून आली असती तर तिचं काही वाटलं नसतं. ती घरातूनच आली. जेनी मॉरिस, लिझ क्रो अशा अपंग स्त्रियांनीच विचारलं: सगळी अडचण पायऱ्यांत आहे म्हणता, मग माझ्या दुखण्याचं काय? थकव्याचं काय? उद्या जगभर रॅम्प झाले तरी माझे सांधे दुखतच राहणार. हे बोललं की चळवळीत कुजबुज, कारण ‘शरीरामुळे त्रास होतो’ हे म्हणणं म्हणजे विरोधकांच्या हातात कोलीत. टॉम शेक्सपिअर या अभ्यासकानं तर सरळ म्हटलं की हे मॉडेल आता कालबाह्य झालं आहे. उणीव आणि अपंगत्व इतकं साफ वेगळं काढताच येत नाही. बौद्धिक अपंगत्व किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसाचं वाकडं अंगण नेमकं कुठलं, हेही पायऱ्यांइतकं सोपं नाही.

ऑलिव्हरचं उत्तर थोडं ताठर होतं. दुखणं खरं आहे, ते म्हणत, पण सोशल मॉडेलनं दुखण्याचं स्पष्टीकरण द्यायचा दावा केला कधी? ते अडथळे दाखवण्याचं साधन आहे, सगळ्या आयुष्याचा सिद्धान्त नाही. २०१३ मध्ये, तीस वर्षांनी मागं वळून बघताना, त्यांचा सूर कडवट झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा सरकारी खर्चात कपात चालू होती, अपंगांचे भत्ते कापले जात होते. त्यांचं म्हणणं असं की, तुम्ही उणीव आणि वेगळेपण यांवर बोलत बसलात, सोशल मॉडेल मोडीत काढलंत आणि त्या जागी काहीच ठेवलं नाहीत. आता सरकार तुमच्याच भाषेत ‘खरोखर गरजू’ आणि ‘इतर’ अशी फोड करतंय. एक तर हातोडी परत उचला, नाही तर दुसरी आणा. मला या वादात दोन्ही बाजू पटतात. आत्याचे खांदे रात्री दुखतात, त्याला सोशल मॉडेलकडे औषध नाही. पण सकाळी ती बाजारात जाऊ शकत नाही, त्याला फक्त सोशल मॉडेलकडेच औषध आहे.

मार्च २०१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, ऑलिव्हर गेले. तोवर त्यांचा विचार आपल्या राजपत्रात येऊन पोचला होता. भारताचा १९९५ चा कायदा अपंग व्यक्ती कोण हे सांगताना म्हणायचा: वैद्यकीय यंत्रणेनं प्रमाणित केलेलं किमान ४० टक्के अपंगत्व ‘सोसणारी’ व्यक्ती. प्रकार सात. मग २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार झाला, २००७ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली, आणि त्याला धरून २०१६ चा कायदा आला. त्यातली व्याख्या म्हणते की दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव ‘अडथळ्यांशी’ गाठ पडल्यावर त्या व्यक्तीला समाजात इतरांच्या बरोबरीनं सहभागी होऊ देत नाही. अडथळा हा शब्द व्याख्येत आला. अंगण कायद्यात आलं.

पण त्याच कायद्यात थोडं पुढं गेलं की परत ४० टक्के. सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, सगळं त्या आकड्यावर, आणि आकडा ठरवणार वैद्यकीय मंडळ. प्रकार सातांचे २१ झाले. सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहून दाखला काढलेल्या कुणालाही विचारा: तिथं सांधा किती अंश वळतो ते मोजतात, घराबाहेर किती पायऱ्या आहेत ते नाही. व्याख्या ऑलिव्हरची, दाखला जुन्या पाहणीचा. हे पूर्ण टाळता येईल असंही नाही. सवलत द्यायची तर रेघ कुठंतरी मारावीच लागते. शब्दाचंही असंच. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागदांवर आला, तेव्हा अनेक अपंग कार्यकर्त्यांनी विरोध केला: आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प द्या. मी या लेखात अपंग म्हणतोय ते त्यांचं ऐकून. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र अंगणाची बाजू घेतली. सुगम्यतेचे, म्हणजे इमारती, वाहनं वगैरे सगळ्यांना वापरता येण्याचे, निकष नुसत्या सूचना म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करा, असं केंद्राला सांगितलं.

आत्याच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गेल्या वर्षी रॅम्पचा ठराव आला. इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहिलं: ‘चारशे दोनच्या सभासद यांच्या पायाच्या अपंगत्वामुळे रॅम्प बांधणे.’ पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना आत्यानं व्हिडिओ कॉलवरून हात वर केला. खाली येऊन सभेला बसणं तिला शक्य नव्हतंच. ती म्हणाली, दुरुस्ती आहे. ‘लिफ्टच्या आधी पाच पायऱ्या असल्यामुळे’ असं लिहा. सेक्रेटरी म्हणाले, काकू, अर्थ एकच ना? ती म्हणाली, एकच असेल तर बदलायला काय हरकत आहे? बदललं. रॅम्प अजून झालेला नाही. पाच पायऱ्या म्हणजे पाऊण मीटर उंची. एकास बारा उताराच्या नियमानं नऊ मीटर लांबी लागते, आणि त्या नऊ मीटरांत सध्या चार स्कूटर उभ्या राहतात.